शेअर बाजारात लिस्टेड नसलेल्या कंपनीत कर्मचाऱ्यांनी शेअर्स घ्यावेत यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की कंपनी छोटी आहे, मालक शेअर्स द्यायला तयार आहेत पण लोकच उत्साह दाखवत नाहीत. मी अशाच एका कंपनीत अकाउंट्स बघतो, ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर्स देण्याच्या योजनेची, कागदपत्रं माझ्याकडेच असतात. माझ्या मते लोकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, हा शेअर विकायचा कुठे? लिस्टेड शेअर मोबाईलवरून विकता येतो, आपला घेणार कोण? आमच्या स्टोअरमधल्या एका जुन्या माणसाने ग्रँट लेटर (किती शेअर्स कोणत्या अटींवर मिळणार याचं पत्र) नीट वाचलं आणि एवढंच विचारलं की साहेब, मुलीच्या अ‍ॅडमिशनला पैसे लागले तर याचे मिळतील का, आणि तेव्हा कोणाकडेच धड उत्तर नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी बायबॅकचं, म्हणजे शेअर्स परत विकत घेण्याचं बघा. वर्षातून एकदा बाहेरच्या व्हॅल्युअरकडून किंमत काढायची आणि ठरलेल्या महिन्यात कंपनी किंवा कर्मचाऱ्यांच्या वतीने शेअर्स सांभाळणारा ट्रस्ट त्या भावाने शेअर्स परत घेईल हे लेखी द्यायचं, आणि त्यासाठी दरवर्षी नफ्यातून थोडे पैसे बाजूला काढत राहायचं, नाहीतर चार-पाच जुनी माणसं एकाच वर्षी रिटायर झाली की कॅशची बोंब होते.

लोकांकडे शेअर घ्यायला पैसे नसतील तर ट्रस्टचा मार्ग आहे. लुइस केल्सो नावाच्या अमेरिकन वकिलाने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेनिन्सुला न्यूजपेपर्समध्ये हेच केलं. मालकांना निवृत्त व्हायचं होतं, कंपनी कर्मचाऱ्यांकडे गेली. यात ट्रस्ट कर्ज काढून शेअर्स घेतो, कर्ज कंपनीच्या कमाईतून फिटतं, कोणाला घरचे दागिने मोडावे लागत नाहीत. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत त्यासाठी कायदा झाला, ब्रिटनने २०१४ मध्ये निम्म्याहून जास्त कंपनी अशा ट्रस्टला विकणाऱ्या मालकांना करसवलत दिली. सरकारने असा हात दिला की मालकही विचार करतात.

दुसरं म्हणजे आकडे उघडे ठेवा. १०,००० ऑप्शन्स (ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घ्यायचा हक्क) ऐकायला भारी वाटतं, पण एकूण शेअर्स १ कोटी असतील तर तो ०.१ टक्का झाला, हे लेटरमध्येच लिहा. दर तिमाहीला विक्री, नफा, कर्ज सगळ्यांसमोर मांडा आणि ताळेबंद वाचायला शिकवा. कंपनीची तब्येत कशी आहे हे ज्याला माहीतच नाही तो स्वतःला मालक कसा समजेल हो?

टॅक्सचंही आधीच सांगा. बऱ्याच देशांत ऑप्शन एक्सरसाइज केला, म्हणजे तो हक्क वापरून शेअर घेतला की बाजारभाव आणि आपण भरलेली किंमत यातला फरक उत्पन्न धरतात, म्हणजे शेअर विकलेला नसताना टॅक्स खिशातून, आणि नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला बऱ्याच ठिकाणी ९० दिवसच मिळतात. ही मुदत काही वर्षांची ठेवा, माणसाने मेहनत केलीये त्याची.

आणि प्लीज पगार कापून शेअर देऊ नका. एन्रॉन ही अमेरिकेतली मोठी ऊर्जा कंपनी २००१ मध्ये बुडाली तेव्हा लोकांची नोकरी गेलीच, वर रिटायरमेंटची बचतही गेली कारण ती बरीचशी त्याच शेअरमध्ये होती. ती कंपनी लिस्टेड होती तरी ही गत, तुमची तर लिस्टेडही नाही. रिटायरमेंटचा पैसा पूर्ण वेगळा ठेवा, शेअर त्याच्या वरचा द्या.