शेतात राबलेल्या आणि रानात रमलेल्या वडिलांबद्दल नातवंडांसाठी काय लिहावं?

तुमच्या वडिलांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं, उरलेला वेळ रानात नि नदीकाठी. मागे ना पुरस्कार, ना धड एखादा फोटो. ज्या नातवंडांनी त्यांना पाहिलंच नाही त्यांच्यासाठी तुम्ही दोन पानं लिहायला बसलात आणि 'कष्टाळू, साधे, प्रेमळ' यांच्यापुढे पेन सरकेना, असं तुम्ही लिहिलंय.

मी याच तीन शब्दांवर अडकलो होतो. माझे थोरले काका, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतावर कामाला होते. आधी औतामागे, मग ट्रॅक्टरवर. ते गेले तेव्हा मी चार ओळी लिहून सगळ्यांसमोर वाचल्या. वाचून झाल्यावर त्यांच्याबरोबर कित्येक वर्षं राबलेले एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंस. पण ह्यात टिटवी कुठंय?"

मला कसली टिटवी ते माहीतच नव्हतं. मग त्यांनी बांधावर बसून सांगितलं.

टिटवी झाडावर घरटं करत नाही. उघड्या जमिनीवर जरासा खळगा, कडेला चार खडे, आणि त्यात अंडी; बहुतेक वेळा चार, निमुळती टोकं आतल्या बाजूला. रंग मातीचाच, वर काळपट ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तात्या अंडी शोधत बसायचे नाहीत, ते पक्ष्याकडे बघायचे. टिटवी उडून सरळ लांब गेली तर खुशाल पुढे जायचं. पण डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, किंवा पंख मोडल्यासारखी फरफटत एका बाजूला जायला लागली, की ट्रॅक्टर तिथंच बंद. खाली उतरून वाकून एकेक पाऊल टाकत अंडी हुडकायची आणि दोन्ही अंगांना दहा-बारा पावलांवर एकेक काठी रोवायची. काठी अगदी जवळ रोवायची नाही, कारण तिच्यावर कावळा येऊन बसतो आणि त्याला वरून सगळं दिसतं. अंडी फुटायला साधारण २८ ते ३० दिवस लागतात. तेवढे दिवस नांगरलेल्या रानाच्या मधोमध होडीच्या आकाराचा एक पडीक तुकडा राहायचा. मालक एकदा यावरून बोलले, तेव्हा तात्या म्हणाले, "तेवढं माझ्या मजुरीतनं कापा."

मी त्यांचा सख्खा पुतण्या, आणि हे मला ते गेल्यानंतर कळलं. घरच्यांना दिसतो तो संध्याकाळी दमून आलेला माणूस. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की लिहायला बसण्याआधी वडिलांबरोबर काम केलेल्यांकडे जा. गळ टाकायला त्यांच्या शेजारी कोण बसायचं, पाण्याच्या पाळीला रात्री सोबत कोण असायचं, त्यांना गाठा. 'ते कसे होते' असं विचारू नका, पुन्हा तेच तीन शब्द हाती येतील. 'पाऊस उघडल्यावर रान औताला आलंय हे ते कसं ओळखायचे?' असं विचारा.

तात्यांची रीत मला अशी कळली. वरचा थर आधी सुकतो आणि फसवतो, म्हणून वीतभर खालची माती काढायची. मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा विस्कटला तर वाफसा आला, म्हणजे रान औताला आलं. नुसता चेपून तसाच राहिला तर औत घालायचं नाही. भारी जमीन ओली असताना यंत्र घातलं की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि ढेकळं वाळून दगडासारखी होतात. आजूबाजूला सगळ्यांची घाई चाललेली असताना तात्या दोन-दोन दिवस बांधावर बसून राहायचे. लोक आळशी म्हणायचे. मला त्यांच्या घामापेक्षा हे बसून राहणं जास्त लिहावंसं वाटलं.

घरात एखादी वही, जुनं कॅलेंडर, बी-बियाण्याच्या पावतीमागे खरडलेलं काही सापडतंय का तेही बघा. तात्यांच्या वहीत पाण्याच्या पाळ्यांच्या अधेमधे 'पहिला काजवा', 'ओढा गढूळ' अशा नोंदी आहेत, तारखेसकट. अशा नोंदी क्षुल्लक समजू नका. इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ पासून झाडांना पालवी कधी फुटली, पक्षी कधी आले हे लिहून ठेवायला सुरुवात केली. पुढच्या पिढ्यांनी ते १९५८ पर्यंत चालू ठेवलं आणि ऋतू कसे सरकताहेत हे पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना त्या नोंदी आजही कामी येतात. तुमच्या वडिलांच्या तारखा जशाच्या तशा उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका.

आणि जे दुखतं तेही लिहा. तात्या घरात फार कमी बोलायचे. माझ्या चुलत बहिणीच्या शाळेत ते एकदाही गेले नाहीत, त्या वेळात नदीवर असायचे. तिला ते अजून लागतं, आणि मी लिहिताना तिला विचारून ते ठेवलं. शेवटच्या वर्षांत ते म्हणायचे, "रातकिडे संपले रे." मी मान डोलवायचो आणि रानावर औषधं फार मारतात म्हणून असेल असं समजायचो. पण रातकिडे होते, मला ऐकू येत होते. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षं बसून त्यांचे कान गेले होते. आवाजानं कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात, आणि रातकिड्यांचा आवाज नेमका त्यातला. घुबडाचा घुमा आवाज त्यांना अखेरपर्यंत ऐकू यायचा. हे मला तेव्हा समजलं असतं तर मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं. मी नेलं नाही. ते वाक्य मी त्या पानांत लिहिलंय.

नातवंडांसाठी एक गोष्ट अशी ठेवा की ती त्यांना हातानं करून बघता येईल. तात्या चंद्राचं खळं, म्हणजे चंद्राभोवती दिसणारं कडं, मापायचे. हात ताठ लांब करायचा, वीत ताणायची, अंगठा चंद्रावर ठेवायचा. करंगळी कड्याला टेकली तर ते मोठं खळं. खूप उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांतून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून २२ अंशांवर ते कडं उमटतं. असे ढग पुष्कळदा पावसाच्या पुढे चालतात, म्हणून त्या रात्री तात्या गंजी झाकून घ्यायचे. चंद्राला चिकटलेलं लहान रंगीत कडं असेल तर ते पाण्याच्या थेंबांचं, त्याला ते मोजायचे नाहीत.

लहान मुलाचा हात आखूड असतो तशी वीतही लहान असते, त्यामुळे माप जवळपास तेवढंच भरतं. माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं परवा मापून पाहिलं. तिची करंगळी बरोबर कड्यावर आली.