फलाफल तेलात का विरघळतं?

प्रश्न: ताई, परवा पहिल्यांदाच घरी फलाफल (चण्याचे तळलेले अरबी वडे) करून बघितलं. काबुली चणे रात्रभर भिजवले, सकाळी कुकरला मऊ शिजवून मिक्सरवर वाटले, गोळे तर मस्त गोल झाले होते, पण तेलात सोडले आणि दोन मिनिटांत कढईभर नुसता फेस आणि चुरा! दुसऱ्या वेळी मैदा घातला तर फुटले नाहीत, पण खाताना दगड. कुठे चुकतंय?

उत्तर: कुकरमध्ये! बाकी तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. फलाफलचे चणे फक्त भिजवायचे, शिजवायचे अजिबात नाहीत. होतं काय की कच्च्या चण्यातला स्टार्च तळताना गरम होतो, आजूबाजूचं पाणी ओढून फुगतो, चिकट होतो आणि तोच गोळा धरून ठेवतो. चणे आधीच शिजवले की हे सगळं कुकरमध्येच उरकतं, वर पाणीही जास्त येतं, मग तेलात गोळा धरणार कोण? डब्यातले तयार चणेही शिजवलेलेच असतात, त्यांचं हमस (चण्याची मऊ चटणी) करा, फलाफल नको.

२५० ग्रॅम कोरडे चणे घ्या, १८ ते २४ तास भरपूर पाण्यात भिजवा (दुपटीहून जास्त फुगतात, भांडं मोठं घ्या) आणि उकाडा असेल तर फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर आंबतात. मग चाळणीत निथळून कापडावर पसरा, चांगले कोरडे होऊ द्या. इथे घाई केली की पुढे सगळं बिघडतं, मी स्वतः दोनदा केलीये. कांदा किसून पिळून घ्या, कोथिंबीर आणि मिळाली तर पार्सली धुऊन पूर्ण कोरडी करा, मग लसूण, जिरे, धणे, मीठ असं सगळं एकत्र मिक्सरला पल्सवर थांबत थांबत फिरवा. जाड रव्यासारखं दिसलं पाहिजे आणि मुठीत दाबलं की धरलं पाहिजे. गुळगुळीत पेस्ट झाली तर आतून गच्च होतं आणि फार भरड राहिलं तर परत फुटतं. पाणी एक थेंब नाही. तासभर फ्रिजमध्ये ठेवा, तळायच्या जरा आधी अर्धा चमचा बेकिंग सोडा मिसळा, त्याने आतून हलकं होतं.

तेल साधारण १७५ डिग्री. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर मिश्रण टाकून बघा, लगेच बुडबुडे येऊन वर आलं पाहिजे. आधी एकच गोळा तळा, तो फुटला तरच दोन चमचे बेसन घाला, मैदा विसरा. गोळे लहान ठेवा, अक्रोडाएवढे, कारण चणे कच्चे आहेत आणि ते आतपर्यंत शिजायला हवेत. मोठे केले तर बाहेरून काळपट आणि आत कच्चे, पोट दुखणारच.

प्रश्न: फलाफलसोबतच्या ताहिनी सॉसमध्ये (तिळाची पेस्ट) लिंबू पिळलं तर एकदम घट्ट गोळा झाला. फेकून देऊ का?

उत्तर: अहो नाही! ताहिनीत थोडं पाणी किंवा लिंबू गेलं की ती आधी आळतेच. गार पाणी चमचा चमचा घालत फेटत राहा, एकदम सैल आणि पांढरट होते.

प्रश्न: इजिप्तचं फलाफल हिरवं का असतं? आणि एअर फ्रायरमध्ये जमेल का?

उत्तर: इजिप्तमध्ये त्याला तामिया म्हणतात, त्यात चण्याऐवजी सोललेला कोरडा बाकला म्हणजे फावा बीन्स भिजवून घेतात आणि हिरवा पाला सढळ हाताने घालतात, रंग त्या पाल्याचा. कृती तीच. फक्त घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर बाकला नकोच, त्यांना त्याने गंभीर त्रास होऊ शकतो.

एअर फ्रायरमध्ये जमतं, गोळे थोडे चपटे करा, दोन्ही बाजूंनी तेल लावा, १९० डिग्रीला १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. तळल्यासारखा कुरकुरीतपणा नाही येत, थोडं कोरडं लागतं, म्हणून ताहिनी जरा जास्तच करून ठेवा.