काका, खर्गे तर निवडून आले ना?

प्रश्न : काका, तुम्ही दर अंकात काँग्रेसच्या घराणेशाहीवर तुटून पडता. पण २०२२ मध्ये खर्गे मतदानाने अध्यक्ष झाले, हे का विसरता?

उत्तर : विसरलो नाही हो. खर्गेंना ७,८९७ मतं, थरूरांना १,०७२. पेट्या आल्या, मोजणी झाली, सगळं मान्य. पण त्याच्या महिनाभर आधी काय चाललं होतं आठवा. राजस्थान, छत्तीसगडच्या समित्या राहुलजींनीच अध्यक्ष व्हावं म्हणून ठराव करत होत्या! ज्यांनी २०१९ च्या पराभवानंतर स्वतःच पद सोडलं, त्यांनाच परत गळ घालायची. त्याआधीची लढत २००० सालची. सोनियाजींसमोर उभ्या राहिलेल्या जितेंद्र प्रसाद यांना मतं पडली जेमतेम ९४. मी जन्मभर सतरंज्या उचललेला कार्यकर्ता आहे. हात वर करण्याआधी माणूस व्यासपीठाकडे कसा बघतो, ते मला ठाऊक आहे.

आता तुम्ही विचाराल, तुमच्या भाजपचं काय? २०२० मध्ये नड्डा बिनविरोध आले. तिथे ९४ मतंसुद्धा मोजावी लागली नाहीत. हे संपादकांनी छापलं तर आमचे तालुकाध्यक्ष फोन करणार, नक्की. पण नड्डांचे वडील पक्षाध्यक्ष नव्हते, एवढं तरी मला म्हणता येतं.