कोपरा दुमडलेलं कार्ड

प्रश्न : मावशी, तीन महिन्यांपूर्वी आम्ही इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहायला आलो. शेजारच्या आजींना व्हिक्टोरियन काळाचं भारी वेड. परवा त्या दारातून आपल्या नावाचं कार्ड टाकून गेल्या. एक कोपरा दुमडलेला, खाली लिहिलेलं, ‘बुधवारी घरी, ३ ते ५’. मी घरातच होते, तरी बेल वाजवली नाही. हे बोलावणं की टाळणं? फार लागलं मनाला.

उत्तर : अगं, टाळणं कसलं! त्या रीतसर तुझ्याकडे येऊन गेल्यात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) इंग्लंडच्या खेड्यांत नव्या बिऱ्हाडाकडे आधी जायचं ते जुन्या रहिवाशांनी. नव्या माणसानं आपणहून जाणं आगाऊपणाचं दिसे. दुमडलेला कोपरा सांगतो की कार्ड नोकराहाती धाडलेलं नाही, मी स्वतः आले होते. बेल वाजवली नाही, कारण दार उघडायची तुझ्यावर सक्ती नको. ‘आहेस का गं घरात?’ म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरणाऱ्या शेजारणींमध्ये वाढलेल्या पोरीला हे तुटक वाटणारच. मलाही वाटलं असतं.

आता परतभेट तुझ्याकडून, आणि ती लांबवायची नाही. म्हणून हाच बुधवार गाठ. ‘घरी’ याचा अर्थ त्या वेळात ओळखीच्यांनी खुशाल यावं, आधी कळवायला नको. अशा भेटीला ‘मॉर्निंग कॉल’ म्हणत, पण जात दुपारचं जेवण उरकल्यावर. इझाबेला बीटन या बाईंनी १८६१ साली घरसंसारावर जाडजूड पुस्तक काढलं. त्यांच्या मते अशा भेटीला १५ ते २० मिनिटं पुरेत. गळ्याभोवतीचा रुमाल काढला तर चालेल, शाल आणि बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची टोपी, मात्र काढायची नाही. तेव्हा तू कोट अंगावरच ठेवलास, तर आजींना उलट बरं वाटेल.

पहिल्या खेपेला चकल्यांचा डबा नको, तो नंतर आहेच. जाड कागदावर तुझं नाव नीट अक्षरात लिही, नवऱ्याचंही वेगळं कार्ड कर. तेव्हा नवऱ्याचं कार्ड बायकोच ठेवून यायची. निघताना दाराजवळच्या टेबलावर दोन्ही ठेव.

आणि तू उठलीस अन् त्या म्हणाल्या, ‘बस की अजून,’ तर घड्याळाकडे बघू नकोस. कोट काढ आणि बस. काय झालं ते मला नक्की कळव.