‘तू किती चांगली आहेस’ म्हणून थांबलेली सुवार्ता

सुवार्ता, म्हणजे येशूबद्दलचा शुभसंदेश, सांगताना पाप, न्याय, पश्चात्ताप हे विषय जरा बाजूला ठेवले तर चालतं का? मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न क्वचितच सरळ विचारतात. दुसऱ्याच कुठल्या तरी काळजीच्या आडून तो येतो. मैत्री तुटेल का, घरात अबोला होईल का, लोक मला कट्टर म्हणतील का. पुढची हकिगत अशाच एका बाईंची आहे. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं, त्यांना जागं ठेवत होती ऑफिसातली एक मैत्रीण. ती ख्रिस्ती नव्हती, पण प्रार्थनेबद्दल मनापासून विचारायची. बाईंनी तिला बरंच काही सांगितलं होतं. देव तुझ्यावर प्रेम करतो, तो मनाला शांती देतो, त्याच्यापाशी मन मोकळं करता येतं. मैत्रीण ऐकायची. कधी म्हणायची, आज माझ्यासाठीही प्रार्थना कर. मग एक दिवस ती म्हणाली, “तू सांगतेस ते ऐकायला छान वाटतं गं, पण मला त्याने काही होत नाही.” तेव्हापासून बाईंचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

“ताई, मी तिला अर्धवटच सांगितलंय का? आणि पूर्ण सांगितलं आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली तर?”

मी म्हटलं, “मला तुमची मैत्रीण समजा आणि तिला सांगता तसंच मला सांगा.” त्या थोड्या लाजल्या, पण मग छान बोलल्या. आवाजात ओढ होती, एकही शब्द पाठ केलेला वाटत नव्हता. देवाचं प्रेम आलं, शांती आली, कठीण दिवसांतली सोबत आली. शेवटी येशूचं नाव आलं: “त्याने आपल्यासाठी खूप सोसलं.”

“कशासाठी सोसलं?” मी मैत्रिणीच्या भूमिकेतच विचारलं.

त्या गप्प झाल्या. उत्तर त्यांना येत होतं. लहानपणापासून मंडळीत वाढलेल्या बाई, वचनं तोंडपाठ. पण ते उत्तर मैत्रिणीसमोर उच्चारायचं म्हटलं की घसा आवळायचा. या भीतीचं मूळ मैत्रिणीत नाही, आणखी कुठेतरी मागे आहे, असं मला वाटलं. म्हणून विचारलं, “हे सगळं स्पष्ट सांगणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का?”

“दादा,” त्या लगेच म्हणाल्या.

त्यांचा मोठा भाऊ. ओळखीच्या एका घरी कुणी वारलं होतं. सांत्वनाला गेलेल्या दादाने तिथेच नरकाचा विषय काढला. गेलेलं माणूस आता कुठे असेल हेही सांगितलं. त्या घराने पुन्हा कधी या कुटुंबाला दारात उभं केलं नाही. बाई तेव्हा कॉलेजात होत्या, भावाच्या शेजारीच बसलेल्या. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, आपण असं कधीच बोलायचं नाही. त्यांच्या मनात दोनच वाटा उरल्या होत्या: दादासारखं बोलायचं, नाहीतर ते विषयच काढायचे नाहीत.

मी त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय वाचायला दिला. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर वारला आहे. मार्था येशूला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मरता ना. थोड्या वेळाने मरीया येते आणि तेच म्हणते. घर एक, दुःख एक, वाक्यही जवळजवळ एकच. मार्थाशी येशू पुनरुत्थानाबद्दल, मेलेल्यांतून पुन्हा उठण्याबद्दल, बोलतो आणि ‘तू हे खरं मानतेस का’ असं रोखठोक विचारतो. मरीयेपुढे मात्र तो रडतो. तिला एकही शिकवण देत नाही. दोघींसाठी सत्य काही वेगळं नव्हतं. समोर कोण आहे आणि ती आता काय ऐकू शकते, ते त्याने पाहिलं. दादाने तेच पाहिलं नाही. आणि माझ्या मते दादानेही सुवार्ता कापूनच सांगितली होती. न्याय सांगितला, कृपा गाळली. बहिणीने कृपा सांगितली, न्याय गाळला. दादाचं धाडस दिसतं म्हणून ते पूर्ण वाटतं, एवढंच.

हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. पण त्यांच्या झोपेचा प्रश्न इथे सुटला नाही, तो सुटला पुढच्या भेटीत. मी विचारलं, “मैत्रिणीने स्वतःबद्दल असं कधी काही सांगितलंय, जे तुम्हाला ऐकायला जड गेलं?”

बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “एकदा म्हणाली होती, तुला माहीत नाही मी काय केलंय ते.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, अगं असं काय बोलतेस, तू किती चांगली आहेस!” आणि हे म्हणतानाच त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मला या व्यवसायात जे उमगलं आहे ते या एका वाक्यात आहे, म्हणून इथे थोडी थांबते. पापाचा विषय टाळणं म्हणजे ऐकणाऱ्यावर दया करणं, असं आपण धरून चालतो. ज्याच्या मनावर कसलाच बोजा नाही त्याला तसं वाटेलही. पण ज्याने खरोखर काही केलं आहे आणि ते त्याला रात्री आठवतं, त्याला ‘तू चांगला आहेस’ हे ऐकून आणखी एकटं वाटतं. त्याला कळतं, हा देव चांगल्या माणसांवर प्रेम करतो, म्हणजे माझ्यावर नाही. आपण ज्याला सौम्य म्हणतो त्या संदेशात अपराधी माणसाला बसायला जागाच नसते. मैत्रिणीला ‘काही होत नव्हतं’ ते यामुळे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूद्याच्या, घरी एक पापी समजली जाणारी स्त्री येते आणि अश्रूंनी येशूचे पाय भिजवते, तेव्हा येशू दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो. एकाला ५०० दिनार देणं होतं, दुसऱ्याला ५०. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तेव्हा पहिल्याचं कर्ज दीडएक वर्षाच्या कमाईएवढं. सावकाराने दोघांनाही सोडलं. त्या बाईला येशू ‘तुझं काही देणं नव्हतंच’ असं म्हणत नाही. तिची पापं पुष्कळ आहेत हे सगळ्यांदेखत म्हणतो, आणि त्यांची क्षमा झाली आहे हेही. रक्कम कमी करून सांगितली असती तर तिच्या अश्रूंना काय अर्थ राहिला असता?

संदेश गुळगुळीत करण्याचा मोह आजचा नाही. सिसेरो या रोमन वकिलाने इ.स.पू. ६३ मधल्या एका खटल्यात म्हटलं होतं, वधस्तंभ (क्रूस) हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानावर पडू नये. इतकी ती शिक्षा हीन मानली जायची. शंभरएक वर्षांनी येशूचा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ या रोमन वसाहतीत गेला आणि तिथे त्याने नेमका वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्तच सांगितला. यहूद्यांना तो अडखळण वाटतो, हेल्लेण्यांना (ग्रीकांना) मूर्खपणा, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तरी हाच पौल अथेनैत (अथेन्समध्ये) गेल्यावर ‘अज्ञात देवाला’ ही तिथल्या वेदीवरची अक्षरं घेऊन सुरुवात करतो, त्यांच्याच कवींचा आधार घेतो. सुरुवात ऐकणाऱ्याच्या अंगणातून करायला त्याची हरकत नव्हती. शेवट मात्र पश्चात्ताप, न्याय आणि पुनरुत्थान यांवरच. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, काहींनी विश्वास ठेवला.

पुढे काय करायचं ते बाईंनीच ठरवलं. मी दोनच गोष्टींचा आग्रह धरला. आधी ऐकायचं, आणि आपलं सांगण्याआधी तिला विचारायचं. ती नको म्हणाली तर थांबायचं. दुसऱ्याच्या अपराधभावाचा फायदा घेऊन त्याला विश्वासाकडे ढकलणं मला अजिबात मान्य नाही. माणूस खूप खचलेला असेल, जगण्यातच राम वाटत नसेल, तर त्याला आधी सोबत आणि योग्य उपचार हवेत. त्या वेळी न्यायाची भीती घालणं हा क्रूरपणा आहे.

त्या मैत्रिणीला म्हणाल्या, “त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस आणि मी तुला गप्प केलं. अजून सांगायचं आहे का?” मैत्रिणीने सांगितलं. काय, ते इथे लिहिण्याचं कारण नाही. तिच्या हातून एकाचं नुकसान झालं होतं आणि भरपाई घ्यायला तो माणूस आता हयात नव्हता. बाईंनी ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, “यावर मी काय मानते ते सांगू का? सगळंच ऐकायला गोड नाही.” ती हो म्हणाल्यावर त्यांनी सांगितलं: तू केलंस ते चुकीचं होतं असं मलाही वाटतं. देव त्याकडे काणाडोळा करत नाही. माझ्याकडेही करत नाही, मीही त्याच्यापुढे तशीच उभी आहे. आणि हे सगळं ज्याने स्वतःवर घेतलं त्याच्याबद्दल मी तुला आजवर अर्धंच सांगत आले.

त्यानंतर काही दिवस मैत्रीण फक्त कामापुरतं बोलली. बाईंचा मला घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. “मी जास्तच बोलले, मनावर घेऊ नकोस” असा मेसेज त्यांनी लिहून ठेवला होता, पाठवू का म्हणून विचारत होत्या. मी त्यांना मार्कचा १०वा अध्याय आठवायला सांगितला. तो श्रीमंत माणूस. येशूने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली: आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू अट सैल करायला त्याच्यामागे गेला नाही. “मेसेज पाठवू नका,” मी म्हटलं, “पण रोजच्यासारखं वागा. ती बोलली नाही तरी तुम्ही तिच्याशी बोलणं सोडू नका.”

मैत्रीण आपणहून बोलली, आणि बोलली ती भांडणाच्या सुरात. “देवाला माफ करायचं असेल तर नुसतं करून टाकावं. मध्ये कुणी मरायचं कशाला?”

बाई पुढच्या भेटीला आल्या त्या गोंधळलेल्या, पण झोप झालेल्या दिसत होत्या. इतक्या महिन्यांत मैत्रिणीने पहिल्यांदाच वधस्तंभाबद्दल विचारलं होतं आणि त्यांना एका वाक्यातलं उत्तर हवं होतं. मी दिलं नाही. जिचा अपराध भरून द्यायला माणूसच उरला नाही, तिने हा प्रश्न विचारावा यात मला नवल वाटलं नाही. माफी फुकट कशी मिळेल हे तिच्याइतकं कुणाला कळणार? म्हटलं, रोमकरांस पत्राचा ३रा अध्याय २१व्या वचनापासून दोघींनी मिळून वाचा. देव न्यायी राहून क्षमा कशी करतो याचंच उत्तर पौल तिथे देतो. घाई करू नका, आणि न पटल्याचं तिला मोकळेपणाने म्हणू द्या.

आता त्या दोघी जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं वाचतात. मैत्रिणीने विश्वास ठेवलेला नाही. ख्रिस्ताच्या रक्ताने प्रायश्चित्त होतं असं सांगणाऱ्या २५व्या वचनावरची तिची हरकत अजून कायम आहे, आणि बाई ती हरकत लिहून घेऊन माझ्याकडे येतात.