वाचकांचे प्रश्न : घरासाठी नॅस निवडताना

प्रश्न : आमच्या घरी दोन लॅपटॉप आणि चार मोबाइल आहेत. गेल्या पंधरा वर्षांतले फोटो आणि घरगुती चित्रीकरणे मिळून साधारण १.२ टेराबाइट होतात. ती तीन पोर्टेबल हार्ड डिस्कवर विखुरलेली असून त्यांतली एक मागच्या महिन्यापासून अधूनमधून खट्‌खट् आवाज करते. शिवाय स्वतःच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्कवरून उतरवून घेतलेला सुमारे २ टेराबाइटचा चित्रपटसंग्रह आहे आणि तो टीव्हीवर पाहता यावा अशी इच्छा आहे. दोन डिस्कचे नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून सर्वांना वापरता येणारी डिस्कची पेटी) घेऊन त्यात रेड १ लावले की बॅकअपची काळजी कायमची मिटते, असे एका स्नेह्यांनी सांगितले. ते बरोबर आहे का? निवड करताना नेमके काय पाहावे?

उत्तर : नॅसची निवड चार दिवस लांबली तरी चालेल, पण आवाज करणाऱ्या डिस्कवरचे फोटो आजच दुसरीकडे उतरवून घ्या. असा आवाज बहुधा वाचन-लेखन करणारे हेड नीट काम करत नसल्याचे लक्षण असते आणि तशी डिस्क जितका वेळ फिरत राहील तितका धोका वाढतो. तिच्यावर दुरुस्तीचे कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नका. ज्या फाइली दुसरीकडे कुठेही नाहीत त्या आधी घ्या. डिस्क संगणकाला दिसेनाशीच झाली, तर पुन्हा पुन्हा जोडून पाहण्याऐवजी ती बंद ठेवून डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडे सोपवा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्नेह्यांचा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा भागच पुष्कळांना महागात पडतो. रेड ही कल्पना १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांच्याकडून एका मोठ्या डिस्कसारखे काम घ्यावे आणि त्यांतली एखादी बिघडली तरी काम थांबू नये, हा तिचा हेतू होता. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिले जाते, त्यामुळे एक डिस्क गेली तर दुसरीवर सर्व काही शाबूत राहते आणि नवी डिस्क बसवली की जोडी पुन्हा पूर्ण होते. परंतु घरात कुणी चुकून एखादा फोल्डर पुसला, तर तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसला जातो. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवून धरणाऱ्या घातक प्रोग्रामने) फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्हींवरच्या होतात. आणि चोरी, आग किंवा विजेचा अचानक आलेला जोराचा दाब यांच्यापुढे एकाच पेटीतल्या, एकाच अडॅप्टरवर चालणाऱ्या दोन डिस्क सारख्याच असहाय असतात. घराची किल्ली आणि तिची जोडकिल्ली एकाच जुडग्यात अडकवल्यासारखे हे आहे : एक किल्ली तुटली तर दुसरी कामी येते, जुडगाच हरवला तर दोन्ही जातात.

आपल्या घरी नेमके काय घडेल ते पाहा. तिन्ही पोर्टेबल डिस्कवरचे फोटो आपण नॅसवर हलवाल, सगळे एका जागी आल्याचे समाधान वाटेल आणि काही दिवसांनी जुन्या डिस्क दुसऱ्या कामासाठी रिकाम्या कराल. त्या दिवसापासून नॅस हा फोटोंचा बॅकअप राहणार नाही. तेच त्यांचे एकमेव घर असेल. लॅपटॉपमधील कागदपत्रांची गोष्ट वेगळी, कारण ती लॅपटॉपमध्येही असतात आणि नॅसवरही. म्हणून यंत्र निवडण्याच्या आधी, नॅसवर जे राहील त्याची आणखी एक प्रत कुठे राहणार हे ठरवा. ते ठरले की बाकीचे बरेच प्रश्न लहान होतात.

यासाठी ३-२-१ हा नियम उपयोगी पडतो. पीटर क्रो या छायाचित्रकाराने रूढ केलेल्या या नियमानुसार एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. सगळ्या ३.२ टेराबाइटसाठी हे करण्याची मात्र गरज नाही. चित्रपट मूळ डिस्कवरून पुन्हा उतरवता येतात, त्यात फक्त वेळ जातो. मुलांच्या पहिल्या पावलांचे चित्रीकरण पुन्हा मिळत नाही. त्यामुळे नॅसवर सुरुवातीलाच दोन स्वतंत्र शेअर्ड फोल्डर करा आणि घराबाहेरची प्रत फक्त फोटो व कागदपत्रांच्या फोल्डरची ठेवा. २ टेराबाइटच्या दोन बाह्य डिस्क घेऊन त्या दर महिन्याला आलटून पालटून नॅसला जोडाव्यात आणि जी जोडलेली नाही ती विश्वासातल्या नातेवाइकांकडे ठेवावी, ही सर्वांत साधी पद्धत मला आजही सर्वाधिक भरवशाची वाटते, कारण विजेच्या आणि इंटरनेटच्या दोन्ही तारांपासून तुटलेल्या डिस्कपर्यंत कोणताही हल्ला पोहोचत नाही. डिस्क दुसऱ्याच्या घरी राहणार असल्याने ती एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) असावी आणि तिचा पासवर्ड नॅसखेरीज अन्यत्रही लिहून ठेवलेला असावा. क्लाउडवर प्रत ठेवायची असेल तर अपलोडचा वेग आधी तपासा. सेकंदाला २० मेगाबिट वेग असेल, तर १.२ टेराबाइट चढवायला अखंड साडेपाच दिवस लागतात. त्यानंतर मात्र फक्त नवे आणि बदललेले जात असल्याने भार नगण्य होतो.

क्षमतेचा हिशेब करताना दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. उत्पादक १ टेराबाइट म्हणजे १०००च्या पटीत मोजलेले बाइट धरतात, तर अनेक संगणक १०२४च्या पटीत मोजतात, म्हणून ४ टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ३.६४ दिसते. दुसरे असे की रेड १ मध्ये दोन डिस्क घेऊनही जागा एकाचीच मिळते. आपले आजचे ३.२ टेराबाइट, दोन लॅपटॉपचे बॅकअप आणि पुढील काही वर्षांची भर धरली तर ४ टेराबाइटची जोडी लवकरच तुडुंब भरेल. ८ टेराबाइटच्या दोन डिस्क घ्याव्यात, असे माझे मत आहे. चार खणांचे यंत्र आणि रेड ५ (तीन किंवा अधिक डिस्कवर माहिती वाटून ठेवण्याची पद्धत) यांची आपल्याला आज गरज नाही.

डिस्क घेताना तिच्या तांत्रिक माहितीपत्रकात सीएमआर हा शब्द आहे का, हे अवश्य पाहा. सीएमआर प्रकारात नोंदीच्या पट्ट्या एकमेकींपासून सुट्या असतात; याउलट एसएमआर प्रकारात, छपरावरची कौले एकमेकांवर थोडी चढवून बसवावीत तशा नोंदीच्या पट्ट्या एकमेकींवर अंशतः चढवलेल्या असतात. त्यामुळे जास्त माहिती मावते, पण मधली एखादी पट्टी बदलायची झाली की शेजारच्या अनेक पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात आणि रेडमध्ये बिघडलेली डिस्क बदलून जोडी नव्याने बांधताना ही डिस्क विलक्षण मंदावते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या ‘रेड’ (म्हणजे लाल; वरच्या रेड पद्धतीशी या नावाचा संबंध नाही) मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याचे वेस्टर्न डिजिटलने २०२० साली जाहीर केले होते आणि पुढे सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळे नाव आणले. वेष्टनावर नॅस हा शब्द आहे एवढ्यावर विसंबू नये, ते यासाठी. डिस्क बिघडणे ही फार दुर्मीळ गोष्टही नव्हे. हजारो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासूनच्या आपल्या नोंदी प्रसिद्ध करते आणि त्यांत वर्षाला शंभरामागे साधारण एक ते दोन डिस्क बंद पडताना दिसतात. दोन डिस्क पाच वर्षे चालवणाऱ्याने असा प्रसंग येईल असे धरूनच चालावे.

नॅसच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सर्वांत आधी स्नॅपशॉटची सोय शोधतो. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती) वापरणाऱ्या यंत्रांत ती सहसा मिळते. प्रारंभिक श्रेणीतील काही यंत्रांत केवळ ईएक्सटी४ असते आणि मग ही सोय बहुधा नसते. स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी फोल्डर जसा होता तशी त्याची गोठवलेली नोंद. ती बदललेल्या भागापुरतीच जागा घेते, त्यामुळे रोज एक स्नॅपशॉट घेऊन महिनाभराचे ठेवणे सहज परवडते. लॅपटॉपमध्ये शिरलेल्या रॅन्समवेअरने नॅसवरच्या फाइली बिघडवल्या तरी कालच्या नोंदीवर परतता येते. अर्थात स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, म्हणून बाहेरच्या प्रतीची जागा ते घेऊ शकत नाहीत.

चित्रपट पाहण्यासाठी फार शक्तिशाली यंत्र लागते, ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. ४के ब्लू-रेचा वेगसुद्धा सेकंदाला जास्तीत जास्त १२८ मेगाबिट असतो आणि साध्या गिगाबिट लॅनची क्षमता १००० मेगाबिट असते. टीव्हीला फाइलचा प्रकार समजत असेल, तर नॅस ती आहे तशी पाठवते आणि प्रोसेसरला जवळजवळ काहीच काम उरत नाही. टीव्हीला तो प्रकार समजत नसेल तेव्हा मात्र नॅसला चित्रपट चालू असतानाच त्याचे रूपांतर करावे लागते, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि तिथे कमकुवत प्रोसेसर गुडघे टेकतो. ब्लू-रेवरून उतरवलेल्या फाइलींत उपशीर्षके चित्ररूपात असतात. अनेक टीव्ही ती दाखवू शकत नाहीत, आणि केवळ उपशीर्षके चालू केल्याने संपूर्ण चित्रपटाचे ट्रान्सकोडिंग सुरू होते. मजकूररूपातील उपशीर्षकांची वेगळी फाइल शेजारी ठेवल्यास हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. ट्रान्सकोडिंग टाळता येणारच नसेल, तर ज्यात क्विक सिंक (चित्रपटाचे रूपांतर वेगाने करणारी सोय) आहे असा इंटेलचा प्रोसेसर असलेले नॅस घ्या आणि त्यावर प्लेक्स किंवा मोफत मिळणारे जेलीफिन हे चित्रपटसंग्रह टीव्हीवर दाखवणारे सॉफ्टवेअर बसवा. आणखी एक बारकावा : बऱ्याच टीव्हींचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असते, त्यामुळे केबल लावूनही जड ४के फाइल अडखळते आणि तीच ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर सुरळीत चालते.

नॅस स्वतः मात्र राउटरला केबलनेच जोडा आणि राउटरचे पोर्ट गिगाबिटचे असल्याची खात्री करा. गिगाबिटवर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट मिळतात आणि आपले १.२ टेराबाइट साधारण तीन तासांत उतरतात; १०० मेगाबिटच्या पोर्टवर याच कामाला तीस तास लागतील. जोडीला लहानसा यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी तार नॅसला लावा, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होईल.

शेवटची सूचना सुरक्षिततेची आहे. बाहेरगावाहून फोटो पाहता यावेत म्हणून राउटरमधून नॅसकडे थेट वाट उघडून देऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप या कंपनीची असंख्य नॅस यंत्रे लक्ष्य केली होती. तेव्हा कुठल्याही लॅपटॉपमध्ये शिरण्याची हल्लेखोरांना गरजच पडली नाही. बाहेरून पोहोचायचेच असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची एन्क्रिप्ट केलेली खासगी वाट) वापरा आणि ज्या मॉडेलला पुढील अनेक वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार आहेत तेच घ्या.

प्रश्न : जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे संगणकाचे नॅस बनवणारे सॉफ्टवेअर बसवले तर तयार नॅसची गरज राहील का?

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या राहणार नाही. ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि परिपक्व आहेत आणि शिकण्याची आवड असेल तर हा मार्ग आनंदाचा आहे. विजेचा हिशेब मात्र करा. जुना डेस्कटॉप सतत ६० वॉट घेत असेल तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट लागतात. २० वॉट घेणाऱ्या लहान नॅसला १७५ पुरतात. वर्षानुवर्षे चालू राहणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. आपण घरी नसताना डिस्क बिघडल्याची सूचना आली तर घरातले दुसरे कोणी ते सांभाळू शकेल का, याचाही विचार करा. माझ्या मते हा डेस्कटॉप आठवड्यातून एकदा चालू करून मुख्य नॅसची दुसरी प्रत घेण्यासाठी वापरणे अधिक योग्य ठरेल.

प्रश्न : मोबाइलमधील जागा मोकळी करण्यासाठी जुने फोटो पुसले, तर ते नॅसवरूनही नाहीसे झाले. आता ते मिळतील का?

उत्तर : आपण लावलेली व्यवस्था बॅकअपची नसून दुतर्फा सिंकची असावी. सिंक दोन्ही जागा सारख्या ठेवते आणि पुसणे हाही तिच्या दृष्टीने एक बदलच असतो. सर्वप्रथम मोबाइलमधील सिंक थांबवा. मग मोबाइलच्या फोटो ॲपमधील अलीकडे पुसलेल्या फोटोंचा अल्बम पाहा. तिथे फोटो बहुधा ३० दिवस राहतात. त्यानंतर नॅसवर त्या शेअर्ड फोल्डरचा रीसायकल बिन आणि स्नॅपशॉट तपासा. यांपैकी कुठेही फोटो सापडले नाहीत, तर नॅसवर नवे काहीही लिहू नका, कारण पुसलेल्या फाइलींची जागा नव्या फाइली व्यापतात; यंत्र बंद करून तज्ज्ञांना दाखवा. फोटो परत मिळाल्यावर ॲपमध्ये केवळ मोबाइलकडून नॅसकडे जाणाऱ्या एकतर्फी बॅकअपचा पर्याय निवडा, आणि एखादा बिनमहत्त्वाचा फोटो मुद्दाम मोबाइलमधून पुसून तो नॅसवर राहतो की नाही, हे पाहून घ्या.