वीस वर्षांनी व्हायोलिन पुन्हा हाती घेतलंय. मुळापासून सुरुवात करू का?

हो, मुळापासूनच करा, पण आधी फक्त उजव्या हाताची. पहिले दोन आठवडे डावी बोटं तारांवर ठेवूच नका. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मला हेच दिसतं: बोटांना जुन्या जागा बऱ्यापैकी आठवतात, गज (तारांवर ओढायची केस ताणलेली काठी) मात्र भरकटतो. आरशासमोर उभं राहून मोकळ्या तारेवर पूर्ण गज ओढा, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका गजाला आठ मात्रा. गज घोडीला (तारा ज्यावर टेकतात तो उभा लाकडी तुकडा) समांतर राहिला पाहिजे. तो पट्टीकडे (जिथे डावी बोटं तारा दाबतात) घसरला की आवाज पोकळ होतो, घोडीला फार चिकटला की करकरतो. दर चार-पाच गजांनी उजवा अंगठा बघा. तो ताठ झाला की मनगट अडकतं आणि गज परतताना मध्येच झटका ऐकू येतो. हे साधलं की तानपुरा लावून एकेक स्वर, घाई न करता. रोज वीस मिनिटं पुरेत. मात्र वाद्य इतकी वर्षं पेटीतच असेल तर आधी तारा आणि गजाचे केस बदलून घ्या, नाहीतर दोष हाताचा की वाद्याचा हे कळणारच नाही.